शाळा सुटल्यावरचे दोन तास: गावातल्या मुलांच्या संध्याकाळच्या केंद्राची आखणी कशी करावी

ऑक्टोबरच्या शेवटी कापूस फुटू लागला की विदर्भातल्या कितीतरी गावांत दिवसभर घरांना कुलपं असतात. माय वेचणीला जाते, बाप वावरात असतो, आजी चालती-फिरती असेल तर तीही मजुरीला जाते. झेडपीची शाळा साधारण साडेचार-पाचला सुटते आणि घरातली मोठी माणसं परततात साडेसहा-सातला. मधल्या दोन तासांत सात-आठ वर्षांचं लेकरू भुकेलं असतं, कडेवर धाकटं भावंड असतं, आणि विहीर, नाला, रस्ता, मोबाइल सगळं त्याच्यासाठी मोकळं असतं.

या दोन तासांसाठी बचत गट, तरुण मंडळं, शाळा व्यवस्थापन समित्या संध्याकाळचं केंद्र सुरू करायचं मनावर घेतात. मात्र आखणी करताना शहरातल्या शिकवणीचं वेळापत्रक समोर असतं: सोमवारी गणित, मंगळवारी इंग्रजी, शनिवारी चाचणी. जुलैत खोली भरते. सोयाबीनची सोंगणी लागली की निम्मी मुलं दिसेनाशी होतात. कापसात उरलेली पातळ होतात आणि दिवाळीनंतर केंद्र बंद पडतं. मग लोक म्हणतात, आपल्या गावच्या पोरांना शिकायचंच नाही. हे खरं नाही. केंद्राची वेळ आणि त्यातले विषय गावाच्या शेतीच्या वर्षावर बसवलेले नसतात, म्हणून ते मोडतं. आखणीची सुरुवात तिथूनच करावी.

आधी घरोघरी जा

वही उघडल्या उघडल्या अभ्यासक्रम लिहू नका. पहिले आठ-दहा दिवस गावात फिरण्यासाठी ठेवा. ग्रामसभेत विषय मांडायचाच आहे, पण तिथे बाया फार बोलत नाहीत आणि मजुरीला जाणाऱ्यांपैकी कितीतरी येऊ शकत नाहीत. बचत गटाच्या बैठकीत जा, पाण्याच्या टाकीजवळ थांबा, संध्याकाळी सातनंतर वस्तीत जा. प्रत्येक घरी साधे प्रश्न विचारा. तुम्ही वावरातून किती वाजता येता? कोणत्या महिन्यात उशीर होतो? घरी आल्यावर लेकरू काय खातं? धाकट्याला कोण सांभाळतं? बकऱ्या चारायला कोण जातं? दिवाळीनंतर कामासाठी बाहेरगावी जाता का?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडची कितीतरी कुटुंबं मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात, मेळघाटातली कामाच्या शोधात दूरवर जातात. कोणती मुलं कोणत्या महिन्यात गावात नसतील हे जूनमध्येच माहीत असलं, तर त्यांची गाठोडी आधीच तयार करता येतात. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मिळालेली उत्तरं एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांच्या चौकटीत भरा. एका ओळीत शेतीची कामं: पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी, सोंगणी, वेचणी. पूर्व विदर्भात असाल तर धानाची रोवणी आणि कापणी, जंगलपट्टीत मार्च-एप्रिलमधला मोह आणि मे महिन्यातला तेंदूपत्ता. दुसऱ्या ओळीत शाळेच्या वेळा, परीक्षा, सुट्ट्या. तिसऱ्या ओळीत सण, यात्रा आणि आठवडी बाजाराचा वार. हा कागद केंद्राच्या भिंतीवर वर्षभर राहू द्या.

वेळ सूर्यास्तावरून मागे मोजा

केंद्र किती वाजता सुरू करायचं याआधी ते किती वाजता संपवायचं हे ठरवा. अंधार पडायच्या आत प्रत्येक लेकरू घरी पोचलं पाहिजे. नागपूर भागात जूनच्या अखेरीस सूर्य सातच्या सुमारास मावळतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सहाला, आणि नोव्हेंबरच्या शेवटी साडेपाचलाच. बुलडाण्याकडे दहा-बारा मिनिटं उशिरा. म्हणजे जुलैत साडेचार ते साडेसहा सहज जमतं, पण ऐन वेचणीत, जेव्हा केंद्राची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच उजेड सर्वांत कमी असतो.

यावर एकच उपाय मला पटतो. नोव्हेंबर ते जानेवारी केंद्र पालक परतेपर्यंत चालू ठेवायचं आणि मुलांना एकट्याने घरी सोडायचं नाही. पालकांनी वावरातून येताना केंद्रावरून घेऊन जायचं, किंवा वस्तीवार टोळ्या करून प्रत्येक टोळीसोबत एक मोठं माणूस द्यायचं. ताडोबाच्या आसपासच्या आणि ब्रह्मपुरी पट्ट्यातल्या गावांत वाघ-बिबट्याची भीती खरी आहे. तिथे हा नियम एक दिवसही सैल होऊ देऊ नका. वीज जाणार हे धरूनच चाला आणि चार्जिंगचे किंवा सौर दिवे आधीच आणून ठेवा.

मार्चमध्ये चित्र उलटं होतं. ऊन वाढलं की सकाळची शाळा लागते आणि मुलं दुपारी बाराच्या आत घरी येतात. तेव्हा संध्याकाळचं केंद्र तसंच चालू ठेवलं, तर ऐन उन्हाचे तास मोकळे सुटतात आणि मुलं विहिरीवर, तलावावर पोहायला जातात. त्या महिन्यांत केंद्राची वेळ दुपारची करा. सावली, माठाचं पाणी, बैठे खेळ, गोष्टी, हातकाम. बारा ते चार बाहेर काही नाही. आपल्याकडे शाळाही बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात, ते याच उन्हामुळे.

जागा

शाळेची खोली, समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं सभागृह, अंगणवाडी, बुद्धविहार, देवळाचा सभामंडप, गावात असे पर्याय असतात. निवडताना पहिला प्रश्न पंख्याचा नाही. गावातल्या प्रत्येक वस्तीतलं लेकरू तिथे मोकळेपणाने पाय ठेवेल का, हा पहिला प्रश्न आहे. एखादी जागा कितीही छान असली, पण एका समाजाची मुलं तिथे बिचकत येणार असतील किंवा दुसऱ्या समाजाचे पालक पाठवणारच नसतील, तर ती जागा सोडा. म्हणून बहुतेक गावांत झेडपीची शाळाच बरी पडते. ती सगळ्यांची असते, संडास आणि पाणी असतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांच्याकडून लेखी ठराव करून घ्या आणि किल्ली कोणाकडे राहील तेही त्यात लिहा. तोंडी परवानगी मुख्याध्यापकांची बदली झाली की संपते.

टिनाच्या शेडमध्ये उन्हाळ्यात बसवत नाही आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही, हे लक्षात असू द्या. पावसाळ्यात रोज सतरंजी उचलून झटका, कोपऱ्यात विटा-लाकडं साठू देऊ नका, दाराजवळचं गवत काढा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्याकडे आहेत. साप चावला तर घट्ट बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. हातपाय हलू न देता सरळ दवाखाना, आणि त्यासाठी १०८ ची रुग्णवाहिका. ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवून सगळे आत, झाडाखाली कोणी नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.

ताई, दादा आणि मोडायचे नाहीत असे नियम

वीस-पंचवीस मुलांमागे एक ताई किंवा दादा पुरे, पण केंद्रावर कोणत्याही क्षणी दोन मोठी माणसं हवीत. एकीला घरून बोलावणं आलं किंवा एका लेकराला दवाखान्यात न्यावं लागलं, तर बाकीची मुलं एकटी राहता कामा नयेत. गावातलीच बारावी झालेली मुलगी किंवा सून बहुतेक वेळा सर्वांत उत्तम ठरते. तिला मुलांची घरं माहीत असतात, बोली येते आणि ती दोन वर्षांनी बदली होऊन जात नाही. तिला मानधन द्या, थोडं असलं तरी ठरल्या तारखेला. फुकट सेवेवर चालणारं केंद्र पहिल्या हंगामात टिकत नाही, कारण तिलाही वेचणीची रोजी सोडून यावं लागतं.

शाळेतल्या गुरुजींची मदत मागा: पुस्तकं, मुलांची माहिती, अडलेल्या ठिकाणी सल्ला. पण केंद्र फी घेऊन चालणारी शिक्षकांची शिकवणी होऊ देऊ नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही.

मुलांच्या सुरक्षेचे नियम लेखी असावेत आणि पालकांसमोर वाचून दाखवावेत. मारायचं नाही, जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून बोलायचं नाही, कोणत्याही मुलाला बंद खोलीत एकट्याने बसवायचं नाही. लेकराने आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, तर पॉक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावात बैठक घेऊन मिटवायचा तो विषय नव्हे. १०९८ हा बालमदतीचा क्रमांक मुलांना दिसेल अशा उंचीवर भिंतीवर रंगवून घ्या.

प्रत्येक मुलाचं एक पान करा. त्यात पालकांचा फोन, आजार, औषध, कोण घ्यायला येणार हे सगळं हवं. पूर्व विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची विचारपूस नक्की करा. त्या मुलाला पाणी सतत हवं, दमछाक, कडक ऊन आणि गारठा त्याला त्रास देतात, आणि अंग दुखतंय म्हणालं तर ते बहाणा करत नसतं.

कोण कुठे आहे ते पाहणं

इयत्तेवर जाऊ नका. पाचवीतलं मूल अक्षरं जोडत वाचत असतं आणि तिसरीतली पोरगी गोष्ट घडाघडा वाचते, हे प्रत्येक गावात दिसतं. पहिल्या पंधरवड्यात एकेका मुलाला शेजारी बसवून पाच मिनिटं घ्या. अक्षरं ओळखतं का, साधे शब्द वाचतं का, चार ओळींचा परिच्छेद वाचतं का, छोटी गोष्ट वाचून सांगू शकतं का. गणितात एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. गावागावांत होणारी ‘असर’ पाहणी २००५ पासून याच धर्तीवर मुलांचं वाचन-गणित तपासत आली आहे आणि ती रीत कोणालाही जमते. याला परीक्षा म्हणू नका, गुण देऊ नका, दुसऱ्या मुलांसमोर करू नका.

त्यावरून तीन गट पडतील: अक्षर-शब्दवाले, परिच्छेदवाले, गोष्टवाले. वाचनाच्या वेळी या गटांत बसायचं, बाकी सगळ्या वेळी सरमिसळ. गटांना ‘कच्चा-पक्का’ असली नावं नकोत. पळस, मोह, कडुनिंब अशी झाडांची नावं द्या आणि दर सहा-सात आठवड्यांनी गट बदला.

दोन तासांची घडी

मूल आलं की पहिलं काम हात धुणं आणि खाऊ. शाळेतला पोषण आहार दुपारी झालेला असतो आणि घरी चूल पेटायला रात्र होते. भुकेल्या पोटी वाचनाचा तास घेऊन काहीच साधत नाही. मूठभर फुटाणे आणि गूळ, मुरमुरे-शेंगदाणे, उकडलेला हरभरा, एखाद्या दिवशी केळं, एवढं पुरतं. शेंगदाणा किंवा आणखी काही कोणाला बाधतं का हे पानावर आधीच लिहून घ्या. पाकिटातले कुरकुरीत पदार्थ आणू नका.

त्यानंतर अर्धा तास मोकळा खेळ. तो कापू नका, उशीर झाला तरी. लंगडी, लगोरी, खो-खो, कंचे, चिंचोक्यांचे खेळ, जे मुलं स्वतः ठरवतील ते. दिवसभर बाकावर बसून आलेलं मूल आधी पळलं पाहिजे, आणि त्या अर्ध्या तासात ताईला मुलांबद्दल जे कळतं ते कोणत्या चाचणीत कळत नाही. मग पंचवीस-तीस मिनिटं गटवार वाचन, त्यानंतर तीस-पस्तीस मिनिटं हंगामाचा विषय, शेवटी वीस मिनिटं शाळेचा गृहपाठ आणि पांगापांग.

गृहपाठ शेवटी आणि थोडाच का, असं पालक विचारतील. कारण तो आधी ठेवला की सगळा वेळ खातो. मोठी मुलं उतरवून देतात, लहान उतरवून घेतात, आणि केंद्र म्हणजे शाळेचीच उरलेली शिदोरी होऊन बसते. ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही त्यांचं अडलेलं सोडवून देणं एवढंच त्या वीस मिनिटांचं काम. पालकसभेत हे आधीच स्पष्ट सांगा.

आठवड्याचे पाच दिवस असे आणि शनिवारी बालसभा. मुलंच अध्यक्ष निवडतात, आठवड्यात काय आवडलं, काय नको, कोण भांडलं ते बोलतात. बाजाराच्या दिवशी उपस्थिती पडणारच, तेव्हा त्या दिवशी फक्त गोष्ट आणि खेळ ठेवा.

पुस्तकांची चिंता करत बसू नका. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात, ती वही करून महिनाभरासाठी आणा आणि दोरीवर टांगा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यातली पानं छापून आणता येतात.

हंगामातून विषय काढा

केंद्राचा जीव इथे आहे. वर्षाचे सात-आठ विषय ठरवा, प्रत्येक तीन-चार आठवड्यांचा, आणि प्रत्येक विषय त्या दिवसांत गावात जे प्रत्यक्ष घडतंय त्यावरचा. वर्ध्याच्या मातीत हा विचार जुना आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकण्याची नई तालीमची कल्पना तिथे मांडली गेली. तेव्हा सूत कातायची टकळी होती. आज तुमच्या गावात जे काम चालतं ते घ्या.

जुलैत पाऊस. ऑगस्ट-सप्टेंबरात पोळा आणि तान्हा पोळा: लाकडी बैल सजवताना बैलाच्या साजाची नावं, गावात किती बैलजोड्या उरल्या याची घरोघरी मोजणी, पूर्वी किती होत्या हे आजोबांना विचारणं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, म्हणजे पोरींचा गाण्यांचा आणि खाऊ ओळखायचा सण. गाणी पोरींना पाठ असतातच. ती आजीकडून ऐकून लिहून घ्यायची, म्हणजे लेखनाचा सराव आपोआप होतो. खाऊ ओळखायचा खेळ तर विचारशक्तीसाठी फार सुंदर आहे: डबा हलवायचा, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे दहा प्रश्न विचारून आत काय ते ओळखायचं. पोरांनाही त्यात घ्या.

हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असतं. मृग नक्षत्र लागलं की पेरणीची घाई, हे प्रत्येक लेकराला माहीत असतं, पण मृगाचे तारे आभाळात बघायला मिळतात ते हिवाळ्यातल्या रात्री, पूर्वेकडे, हे फार थोड्यांना माहीत असतं. जूनमध्ये सूर्यच त्या ताऱ्यांत असतो म्हणून ते दिसत नाहीत. चित्र काढून द्या आणि घरी अंगणात मायसोबत शोधायला सांगा. जंगलपट्टीत मार्चमध्ये मोह घ्या: फुलं पहाटेच का गळतात, ओली किती, वाळून किती उरतात, रोज वजन. उन्हाळ्यात पाणी: माठ कसा गार करतो, विहिरीची पातळी दोरीने मोजणं.

पाऊस, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत

एक विषय पूर्ण उलगडून सांगते, म्हणजे बाकीचे तसेच बसवता येतील.

पहिल्या आठवड्यात पर्जन्यमापक करायचं. सरळ अंगाची पारदर्शक पाण्याची बाटली घ्या, वरचा उतरता भाग कापून उलटा करून तोंडावर बसवा, म्हणजे त्याचंच नरसाळं होतं. बुडाचा खोलगट भाग बारीक खडे आणि पाणी घालून सपाट करा आणि त्या पातळीला शून्याची रेघ मारा. त्यापासून वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा. झाडापासून, भिंतीपासून दूर, विटांत घट्ट बसवून ठेवायचं. प्रत्येक वस्तीत एक. हवामान खात्यात पावसाची दिवसाची नोंद सकाळी साडेआठला होते, तीच वेळ आपली. मुलं शाळेत जाण्याआधी पाहतात, वहीत लिहितात, पाणी ओततात आणि पुन्हा शून्यावर आणतात.

दुसऱ्या आठवड्यात भिंतीवर आलेख. जितके मिलिमीटर तितकी लांब कागदी पट्टी, म्हणजे अजून अंक न येणारं लेकरूही सांगू शकतं की मंगळवारी सर्वांत जास्त पडला. अक्षर-शब्दवाला गट नक्षत्रांची आणि पावसाच्या तऱ्हांची कार्डं करतो: झड, भुरभुर, सरी, वादळ. परिच्छेदवाला गट रोजचा दोन ओळींचा हवामान-वृत्तान्त लिहून फळ्यावर लावतो. गोष्टवाला गट आजी-आजोबांकडे जातो: कोणत्या वर्षी नाल्याला पूर आला, कोणत्या वर्षी दुबार पेरणी करावी लागली.

तिसरा आठवडा हिशेबाचा. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे आधी जमिनीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखून आणि लिटरभर पाणी हातात घेऊन समजवा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला, तर एका एकरावर एक लाख लिटरांहून जास्त पाणी पडलं. आपल्या वावराचा हिशेब प्रत्येक जण करतो. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. मुलांनी आपल्या वहीतली बेरीज करून बघावं की गावात तेवढा कधी झाला. चौथ्या आठवड्यात पालकांना बोलावून मुलांनीच आलेख समजावायचा. शेतकरी बाप आपल्या तिसरीतल्या पोरीला ‘कालचा किती झाला?’ विचारू लागला, की केंद्राबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

कापसाच्या दिवसांत

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापूस हाच विषय. शंभर ग्रॅम कापूस तोलून घ्या, मुलांनी हाताने सरकी वेगळी करायची, रुई आणि सरकी वेगवेगळी तोलायची. रुई साधारण एक तृतीयांश भरते. रुईची गाठ १७० किलोची असते, मग एका गाठीला किती क्विंटल कापूस लागेल? उत्तर पाचच्या आसपास येतं. सरकीचं पुढे काय होतं, तेल काढून उरलेली ढेप कोण खातं, रुई कुठे जाते याचा लांब पट्टीवर चित्रनकाशा करा. गुलाबी बोंडअळीची अंडी, अळी, कोष, पतंग ही चार रूपं असतात, त्यांतली अळी किडक्या बोंडात शोधता येते, आणि मादीच्या वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग का सापडतो हे मोठ्या मुलांना समजतं.

इथे दोन गोष्टींची काळजी घ्या. टाकाऊतून खेळणी करताना कीटकनाशकाचा डबा किंवा बाटली कधीही वापरू नका, कितीही धुतलेली असो. मुलांनी आणली तर रागावू नका, पण ती मोठ्या माणसाच्या हाती देऊन पुन्हा हात धुवायला लावा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, त्या गावांना हे समजावून सांगावं लागत नाही. खेळण्यांसाठी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी घ्या. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करायला शिकवलं, तेच आजही सर्वांत स्वस्त भूमितीचं साहित्य आहे.

दुसरी काळजी अधिक नाजूक. शेतीच्या नफा-तोट्याचं गणित करताना कोणाच्या घरचे खरे आकडे घेऊ नका. वर्गात असं लेकरू असू शकतं ज्याच्या घरचं माणूस कर्जापायी गेलं आहे. आकडे कल्पित ठेवा, ‘तुझ्या घरी किती झाला?’ हा प्रश्न टाळा, आणि मूल गप्प झालं तर त्याला गप्प राहू द्या.

घरची बोली

‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ म्हणणाऱ्या पोराला वाक्यावाक्याला थांबवलं, तर ते बोलणंच सोडून देतं. वऱ्हाडी आणि झाडीबोलीत त्याला पूर्ण बोलू द्या, गोष्ट सांगू द्या. पुस्तकी रूप वाचनातून हळूहळू येतं. कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी बोलणाऱ्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, म्हणजे मराठीशी त्यांचं मूळचं नातं नाही. त्या घरातलं मूल पहिलीत पूर्णपणे परकी भाषा ऐकत असतं. अशा गावात दोघींपैकी एक ताई ती भाषा बोलणारी हवीच. गोष्ट आधी घरच्या भाषेत सांगा, मग मराठीत, आणि मुलांसोबत चित्रांचा दोन भाषांतला शब्दकोश तयार करत जा. बोली देवनागरीत लिहिता येते.

जे येत नाहीत त्यांच्यासाठी

सहावी-सातवीच्या पोरी पहिल्यांदा गळतात, धाकट्याला सांभाळायचं म्हणून. त्यांना धाकट्यासह येऊ द्या. एका कोपऱ्यात सतरंजी, डबे, झाकणं, ठोकळे ठेवा आणि अंगणवाडी सेविकेचा सल्ला घ्या. संडास स्वच्छ आणि कडी लागणारा नसेल तर त्या येणार नाहीत, याला दुसरा इलाज नाही.

बकऱ्या चारणारी मुलं उशिरा येतील. त्यांचं वाचन खेळाच्या वेळेत घेऊ नका, शेवटच्या वीस मिनिटांत घ्या. वेचणीला जाणाऱ्या मुलांच्या घरी बोलताना २०१६ ची बालमजुरी कायद्यातली दुरुस्ती नीट माहीत असू द्या: चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर ठेवता येत नाही, घरच्या कामात हातभार लावायचा तर तोही शाळेच्या वेळेबाहेर आणि धोक्याचा नसलेला. धमकी म्हणून नको, पण सांगा.

बाहेरगावी जाणाऱ्या मुलांसाठी निघण्याआधी गाठोडी करा: दोन गोष्टीची पुस्तकं, एक कोरी वही, रंगीत पेन्सिली आणि ‘रोज एक चित्र किंवा दोन ओळी’ एवढंच काम. फोनवर आठवड्यातून एकदा ताईशी बोलणं. आजी-आजोबांपाशी राहणं शक्य असेल तर त्या घराला केंद्राचा आधार द्या.

पैसा

खर्च चारच ठिकाणी जातो: मानधन, खाऊ, दिवे आणि साहित्य. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात, तेव्हा आराखडा बनतानाच तिथे मागणी लेखी द्या. खाऊचं काम बचत गटाला द्या. पालकांकडून फी घेऊ नका. ज्याला द्यायचं आहे त्याने पायलीभर हरभरा, गुळाची ढेप, संत्र्याच्या हंगामात संत्री द्यावीत. जमा-खर्च महिन्याच्या एक तारखेला दारावर लावा.

नोंदी आणि फेरआखणी

ताईवर रजिस्टरांचा भार टाकू नका. एक वही पुरे: तारीख, कोण आलं, काय केलं, काय जमलं नाही, कोणत्या लेकराबद्दल काय दिसलं. महिन्यातून एकदा पालकसभा, रात्री जेवणानंतर, अर्ध्या तासाची, वस्तीत जाऊन. तिथे प्रगतीचे आकडे सांगत बसण्याऐवजी मुलांना वाचून दाखवू द्या.

एप्रिलच्या शेवटी दोघी ताया, दोन-तीन पालक आणि बालसभेची मुलं ती वही आणि भिंतीवरचा बारा महिन्यांचा कागद घेऊन बसा. ज्या ज्या आठवड्यांत उपस्थिती पडली, त्यांच्यासमोर तेव्हा वावरात काय चालू होतं ते लिहा. सोंगणीच्या आठवड्यांत केंद्र अर्धा तास उशिरा सुरू करायचं की त्या दिवसांत फक्त खाऊ, खेळ आणि गोष्ट ठेवायची, हे तिथेच ठरवा. कोणता विषय मुलांनी शाळेतही नेला आणि कोणता दुसऱ्याच आठवड्यात मरगळला, तेही लिहा आणि मरगळलेला बदला. नवा बारा महिन्यांचा कागद त्याच बैठकीत भरून घ्या आणि शाळा उघडायच्या आत, पेरणीची घाई लागण्यापूर्वी, वस्तीवस्तीत वाचून दाखवा.